पावसाळा, गोठा आणि काडतुसांची पेटी

मृगाचा पाऊस तोंडावर आला कीं आमचा शेतकरी बियाणें पाखडून पाहतो, कणगीला शेणमातीचा लेप देतो, सरपण आंत घेतो आणि गोठ्याचें छप्पर शाकारतो. पाण्यापासून कोणता जिन्नस कसा जपावा याची जाण त्याला वाडवडिलांपासून आहे. परंतु ज्या घरीं शेतीरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्या घरीं तिच्या दारूची, टोप्यांची व काडतुसांची अशीच आठवण ह्या दिवसांत कोणास होते काय, असें विचारलें, तर बहुतेक ठिकाणीं नाहीं असेंच उत्तर मिळेल. बंदुकीची नळी वर्षांतून एकदोन वेळां पुसली जाते. काडतुसें मात्र गेल्या सालीं जेथें ठेवलीं तेथेंच पडून असतात. हा निष्काळजीपणा किती महाग पडतो, याचें एक उदाहरण आमच्या परिचयांतच घडलें. त्या प्रसंगामुळें आम्हीं ह्या विषयाची थोडी माहिती मिळविली. त्यांतून जें हातीं लागलें, तें सभासद बंधूंपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

घडलेली हकीकत

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. त्यांचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. गांवांत त्यांना सर्व जण तात्या म्हणतात, आपणही तेंच म्हणूं. त्यांचीं भातखाचरें रानाला अगदीं लागून आहेत. वडिलांच्या वेळची बारा बोअरची बंदूक त्यांचेकडे आहे, व वडिलांच्या पश्चात् परवाना रीतसर तात्यांच्या नांवें झालेला आहे. बंदुकीबरोबर वडिलांनीं भरून ठेवलेलीं कांहीं काडतुसेंही आलीं होतीं. तीं सबंध पितळी नळकांड्यांचीं, हातानें दारू व छर्रे भरलेलीं, अशीं जुन्या शिकारी लोकांच्या पद्धतीचीं होतीं. काडतुसांची पेटी सागवानी व घट्ट झांकणाची असून तिच्यावर मेणकापडही गुंडाळलेलें असे. घराचें छप्पर दोन ठिकाणीं गळत असल्यामुळें तात्यांनीं ती पेटी गोठ्याच्या माळ्यावर ठेवली होती. कारण तेथील कौलें नवीं होतीं आणि पाण्याचा थेंबही आंत येत नसे.

आश्विनांत भाताच्या लोंब्या भरूं लागल्या आणि रानडुकरांचा कळप रोज रात्रीं खाचरांत उतरूं लागला. एका रात्रींत पाऊण बिघा भात लोळवलेला तात्यांनीं पाहिला. वनखात्याची लेखी परवानगी हातीं आल्यावर ते माचावर जाऊन बसले. कळप आला तेव्हां पहिल्या काडतुसाचा नुसता खट्ट असा आवाज झाला. तात्यांनीं घाईघाईनें तें काढून दुसरें घातलें. तें उडालें खरें, परंतु त्याच्या बुडाला तडा गेलेला असल्यामुळें जळत्या वायूचा झोत मागें आला. गाल व भुंवई भाजली आणि डोळा केवळ दैवानें वांचला. डुकरें निघून गेलीं. पण तीं दुसऱ्या रात्रीं पुन्हां आलीं, आणि राहिलेला भातही गेला.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां तात्यांच्या गालावर पट्टी होती. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पाण्याचा थेंब शिवला नाहीं हो त्या पेटीला. मग हें झालें कसें?”

आम्हीं विचारलें, “तात्या, पेटी होती कोठें?”

“गोठ्यावर. साऱ्या घरांत तेवढीच जागा कोरडी.”

पेटी अंगणांत आणून उघडली. काडतुसें वरवर पाहतां ठीक दिसत होतीं. परंतु एकेक हातांत घेऊन उन्हाकडे धरून पाहिलें, तों निम्म्याहून अधिक नळकांड्यांच्या तोंडाशीं केसासारखे उभे तडे होते, आणि दोनतीन ठिकाणीं ते बुडापर्यंत पोंचले होते. पाणी न शिवतां पितळ फुटलें कसें, हें कोडें तेव्हां आम्हांसही उलगडलें नाहीं.

पितळेचा मोसमी तडा

हें कोडें जुनें आहे, आणि तें प्रथम पडलें तें आपल्याच देशांत. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यांत मंदावत, आणि त्या अवधींत काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवण्यांत येत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्या, तों पुष्कळशीं पितळी नळकांडीं तडकलेलीं आढळत. हें दरसाल पावसाळ्याच्या मोसमांतच घडतें म्हणून त्यास ‘मोसमी तडा’ असें नांव पडलें, आणि दोष पावसाच्या माथीं मारण्यांत आला. खरें कारण १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्या तिघां शास्त्रज्ञांनीं उलगडून दाखविलें. दोष एकट्या पावसाचा नव्हता. तबेल्याच्या हवेचा होता.

जनावरांच्या मुतांत युरिया हें द्रव्य असतें. तें कुजून अमोनिया नांवाचा तिखट वायु निघतो. रात्रभर बंद असलेल्या गोठ्यांत पहांटे शिरतांच डोळ्यांना जो झोंबतो, तोच हा वायु. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण; काडतुसाच्या पितळेंत तांबें सुमारें ७० भाग व जस्त ३० भाग असतें. ह्या पितळेच्या चकतीला यंत्रांत दाबून व ओढून नळकांड्याचा आकार देतात. ओढलेल्या धातूच्या अंगांत ताण कोंडून राहतो, जसा चढविलेल्या धनुष्याच्या कांबींत असतो. वरून पाहणाऱ्यास तो दिसत नाहीं. अशा ताणलेल्या पितळेवर दमट हवा व अमोनिया हीं दोन्ही एकत्र येऊन पोंचलीं, म्हणजे धातूच्या कणाकणांमधील सांधे खाल्ले जातात आणि ताण तेथें वाट काढतो. तोच तडा. पितळेचें वजन घटत नाहीं, रूपही फारसें पालटत नाहीं. म्हणून मालक फसतो.

आज कारखान्यांत नळकांडीं बेताच्या आंचेवर तापवून हा ताण काढून टाकतात, त्यामुळें नव्या मालांत हा दोष क्वचित् दिसतो. परंतु हातानें भरण्याचीं नळकांडीं पुनःपुन्हां वापरलेलीं असतात. दरेक बाराला तीं फुगतात व पुन्हां दाबून जागेवर आणावीं लागतात. त्यानें पितळ कठीण व ठिसूळ होत जातें आणि ताण पुन्हां भरतो. तात्यांच्या वडिलांचीं काडतुसें ह्याच जातीचीं होतीं. त्यांना गोठ्याच्या माळ्यावर कित्येक पावसाळे काढावे लागले, मग दुसरें काय होणार?

ह्यावरून पहिला व मुख्य नियम असा निघतो कीं, काडतुसांची पेटी गोठ्यांत, गोठ्याच्या माळ्यावर किंवा गोठ्याला लागून असलेल्या खोलींत कधींही ठेवूं नये, मग ती जागा कितीही कोरडी असो. हाच नियम खताच्या खोलीस लागू आहे. युरियाचें फुटलेलें पोतें ओल धरूं लागलें कीं तेथेंही हळूहळू अमोनिया सुटतो. शेणखताच्या उकिरड्याशेजारची भिंतही वर्ज्य समजावी.

सादळलेली दारू वाळवून चांगली होते काय?

आतां ठासणीच्या बंदुकीकडे वळूं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमांत पीकरक्षणासाठीं लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाहीं असें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचें समाधान झाल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देतां येतो. ठासणीच्या बंदुकींत दरेक बार हातानेंच भरावयाचा असतो. त्यामुळें सुटी काळी दारू व टोप्या घरांत ठेवाव्या लागतात आणि ओलीचा धोका अधिक असतो.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें अतिशय बारीक व एकजीव मिश्रण होय. ह्यांपैकीं कोळसा अंगच्या छिद्रांमुळें हवेंतील ओल ओढतो. शुद्ध सोरा फारशी ओल घेत नाहीं, परंतु त्यांत इतर क्षारांची भेसळ असेल तर तो मिठासारखा पाझरूं लागतो. अशी दारू सादळली म्हणजे ती उन्हांत वाळवून पुन्हां वापरण्याची चाल आमच्याकडे आहे. ही चाल दोन अंगांनीं वाईट आहे. एक तर उघड्या दारूला ठिणगी, विडी किंवा नुसतें घर्षणही पुरतें. दुसरें असें कीं, वाळविल्यानें पाणी जातें, पण बिघडलेलें मिश्रण सुधारत नाहीं. प्रवरेच्या कालव्याखालीं ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना हें सहज समजेल. पाणी फार झालें कीं जमिनींतील क्षार विरघळतो, पाण्याबरोबर वर येतो, आणि पाणी आटल्यावर पांढऱ्या खाराच्या रूपानें वरच राहतो. जमीन पूर्वींसारखी होत नाहीं. दारूच्या दाण्यांतही तसेंच घडतें. विरघळलेला सोरा दाण्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, आंतला कोळसा व गंधक त्यास मुकतात, आणि बार कधीं मंद तर कधीं अर्धवट उडतो. म्हणून जिच्या गुठळ्या झाल्या, जिच्या दाण्यांवर पांढरी बुरशीसारखी झांक आली, ती दारू गेली असेंच समजावें.

दारू ज्या डब्यांत विकत मिळते त्याच डब्यांत ठेवावी. ती जाड लोखंडी भांड्यांत किंवा कांचेच्या बाटलींत भरूं नये. कांचेंतून उजेड जातो व फुटल्यास कपारी उडतात. आणि जाड भांड्यांत कोंडलेली दारू पेटल्यास तें भांडेंच बाँबगोळा होतें. मूळ डबा पातळ असतो तो ह्याच हेतूनें, कीं प्रसंग आल्यास तो लवकर फांकावा व जोर कोंडूं नये. टोप्या दारूच्या डब्यांत कधींही ठेवूं नयेत; त्यांची डबी वेगळी व शक्य तर कप्पाही वेगळा असावा.

बंदूक भरून ठेवण्याची संवय तर सर्वथा सोडावी. भरलेला बार एका पावसाळी रात्रींतही ओल धरतो, नळी आंतून खातो, आणि घरांतील पोराबाळांना त्याचा धोका असतो तो निराळाच. बार काढल्यानंतर नळींत जी काजळी राहते तीही हवेंतील पाणी ओढणारी असते. म्हणून त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुवून, पूर्ण कोरडी करून, वर तेलाचा पातळ हात द्यावा. आणि पुढच्या खेपेस भरण्यापूर्वीं तें तेल पुसून काढावें.

तेल, मेण आणि १८५७ चें काडतूस

ओलीपासून वांचविण्यासाठीं काडतुसालाच तेल चोपडावें, असें कित्येकांस वाटतें. हा समज कोठून आला असावा याचा अंदाज बांधतां येतो. कागदी काडतुसें होतीं त्या काळीं त्यांस चरबी व मेण लावीत. १८५७ सालीं ज्या एन्‌फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून शिपायांत प्रक्षोभ उसळला, त्यांना लावलेली चरबी गोळी नळींत सुलभपणें जावी व कागदाला ओल लागूं नये, अशा दोन्ही हेतूंनीं लाविलेली असे. परंतु आजच्या काडतुसाची रचना निराळी आहे. त्याच्या बुडाशीं मध्यावर जी टोपी बसविलेली असते, तिच्या कडेनें पातळ तेल आंत झिरपतें आणि टोपींतील मसाला निकामी करतें. गंज सोडविण्यासाठीं जीं पातळ, आंत शिरणारीं तेलें बाजारांत मिळतात, तीं तर काडतुसाजवळही आणूं नयेत.

कारखान्यांतून येणाऱ्या पुष्कळशा काडतुसांच्या टोपीच्या व तोंडाच्या सांध्यावर रोगणाचा पातळ थर दिलेला असतो. हातानें भरलेल्या काडतुसांस बहुधा तो नसतो. म्हणून तीं लवकर सादळतात. घरीं काडतुसें भरण्याचा उद्योग कायद्यानें लागणाऱ्या परवान्यावांचून कोणीं करूं नये. आणि वाडवडिलांनीं भरलेलीं राहिलीं असतील तर त्यांचा मोह धरूं नये. भरणारा गेला, त्यानें किती व कोणती दारू घातली हें सांगणारा कोणी उरला नाहीं. असें काडतूस नळींत घालणें म्हणजे डोळे मिटून विहिरीवरून चालणें होय.

पूर्वींच्या कागदी नळकांड्यांचीं काडतुसें ओलीनें फुगत व नळींत शिरत नसत. हल्लींचीं नळकांडीं प्लॅस्टिकचीं असतात. तीं फुगत नाहींत, परंतु बुडाची टोपण पितळी वा लोखंडी असते व ती गंजते. पट्ट्यांत खोंचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक चढलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. कातडें कमावतांना वापरलेलीं द्रव्यें व कातड्याची ओल यांचा तो परिणाम आहे. पट्टा हा वाहून नेण्यासाठीं आहे, साठविण्यासाठीं नाहीं. कळंक वाळूनें वा चिंचेनें घांसून काढण्याच्या भरीसही पडूं नये. कोरड्या फडक्यानें पुसून जो निघेल तो निघेल; खालीं खड्डा पडलेला दिसल्यास तें काडतूस बाजूस काढावें.

पूर्वभागांतील शत्रु: ऊन

आमचा जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, हवामानाच्या दृष्टीनें एक नाहीं. पश्चिमेस घाटघर, रतनवाडी, भंडारदरा ह्या बाजूस पावसाळ्याचे चार महिने भिंतींना पाझर असतो. पूर्वेस शेवगांव, पाथर्डी, जामखेड, कर्जत ह्या तालुक्यांत पावसाचीच वाण. तेव्हां पूर्वेकडील वाचक म्हणतील कीं, ओलीची ही कथा आम्हांस कशाला? त्यांस आमचें सांगणें असें कीं, त्यांचा शत्रु दुसरा आहे, आणि तो अधिक छुपा आहे.

आजच्या काडतुसांतील बिनधुराची दारू मूळ कापसासारख्या तंतूवर तेजाबाची प्रक्रिया करून बनवितात. ती जन्मापासूनच अतिशय हळूहळू विघटत असते. त्यांतून निघणारे आम्लवायु शोषून घेण्यासाठीं कारखान्यांत एक स्थिर करणारें द्रव्य मिसळलेलें असतें. थंड जागीं तें अनेक दशकें पुरतें. परंतु उष्णता वाढली कीं विघटनाचा वेग झपाट्यानें वाढतो; दर ८–१० अंशांस तो सुमारें दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत, मोटारीच्या डिकींत किंवा उन्हांत तापणाऱ्या लोखंडी कपाटांत ठेवलेल्या काडतुसाचें आयुष्य म्हणूनच भराभर सरतें. ज्या दारूला झोंबणारा आंबूस वास येतो, जिच्यावर तांबूस भुकटी दिसते किंवा जिच्यांतून तांबूस धूर निघतो, ती बिघडलेली होय. तिला हात न लावतां लगेच पोलीस ठाण्यास कळवावें.

ह्या बाबतींत आपल्या जुन्या माळवदाच्या घराची बरोबरी पत्र्याचें नवें घर करूं शकत नाहीं. जाड मातीच्या भिंतींच्या आंतील माजघर उन्हाळ्यांत गार राहतें आणि दिवसरात्रींत त्याची उष्णता फारशी चढउतार करीत नाहीं. काडतुसांना हवें असतें तें हेंच.

पेटी कशी ठेवावी

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. खर्च थोडा आहे.

पेटी पत्र्याची, झांकणाला रबराची पट्टी असलेली, घट्ट बसणारी घ्यावी. काडतुसें कारखान्याच्या मूळ पुठ्ठ्याच्या डबींतच ठेवून ती डबी पेटींत ठेवावी, कारण माल कोणत्या सालचा व कोणत्या जातीचा हें डबीवरच लिहिलेलें असतें. डबीवर खरेदीची तारीख घालावी, आणि जुनीं आधीं, नवीं मागाहून, असा बियाण्याचा नियमच येथेंही पाळावा.

पेटी बंद करण्याचा दिवस निवडणें फार महत्त्वाचें आहे. पावसाळी दिवशीं झांकण घट्ट लावलें तर तेवढी दमट हवा आंत कोंडली जाते, आणि घट्ट पेटीच घातक ठरते. मार्गशीर्ष-पौषांतील कोरड्या थंडीच्या दिवशीं, दुपारच्या वेळीं, सावलींत पेटी उघडावी, काडतुसें तपासावीं व मग झांकण लावावें. आंत सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या ठेवाव्या. हें द्रव्य हवेंतील ओल शोषून घेतें. रंग बदलणारे दाणे मिळतात. रंग पालटला म्हणजे ते पेटीपासून दूर, दुसऱ्या खोलींत, मंद आंचेवर तापवून पुन्हां कोरडे करतां येतात. कळीचा चुना मात्र ह्या कामीं वापरूं नये. पाणी लागलें कीं तो किती तापतो, हें भिंतीला चुना देणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

पावसाळ्यांत पेटी वारंवार उघडूं नये. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसेच गार काडतुसांवर दमट हवा लागतांच जमतात. उघडणें प्राप्तच असेल तर पेटी अर्धा दिवस त्याच खोलींत तशीच राहूं द्यावी आणि नंतर उघडावी.

पेटी जमिनीवर टेंकूं नये. सारवलेली जमीन ओल धरते. भिंतीपासून वीतभर दूर, पाटावर किंवा फळीवर, माजघरांत, चुलीपासून व देवाच्या दिव्यापासून लांब ती असावी. चुलीवरच्या शिंक्यांत वा माळ्यावर दारू कोरडी राहते म्हणून ती तेथें टांगणाऱ्यांस हात जोडून विनंति आहे कीं, त्यांनीं ती आजच उतरवावी. पेटीस कुलूप असावें, किल्ली कर्त्या माणसापाशीं असावी, आणि बंदूक निराळ्या जागीं कुलपांत असावी.

शेवगांव-पाथर्डीकडे कापूस घरांत भरण्याची चाल आहे. त्या खोलींत तर काडतुसें मुळींच नकोत. १९४४ सालच्या १४ एप्रिल रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर जो भयंकर स्फोट झाला, त्या जहाजांत कापूस व दारूगोळा एकत्र भरलेले होते. आग प्रथम कापसास लागली होती. २०१६ सालच्या मे अखेरीस वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या लष्करी दारूगोळा कोठारांत आग लागून जवान व अग्निशामक दलाचे लोक प्राणांस मुकले. जेथें जाणत्या लोकांचा पहारा आहे तेथेंही हें घडतें, मग आपण घरगुती माणसांनीं किती जपलें पाहिजे!

बार न उडाल्यास

तात्यांची दुसरी चूक सांगावयाची राहिली. पहिला बार न उडतांच त्यांनीं काडतूस लगेच बाहेर काढलें. सादळलेल्या दारूचा बार कधीं कधीं उशिरां उडतो. टोपी पेटते, दारू कांहीं क्षण धुमसते आणि मग धडाका होतो. म्हणून चाप ओढूनही आवाज झाला नाहीं तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान अर्धा मिनिट स्वस्थ राहावें, आणि मगच काडतूस काढावें. ठासणीच्या बंदुकीस ह्याहून पुष्कळ अधिक वेळ द्यावा. नळींत डोकावूं नये व गज घालण्याची घाई करूं नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. बार उडतो, पण आवाज नेहमींपेक्षां बारीक येतो व धक्का हलका लागतो. अशा वेळीं आंतील बूच किंवा शिसें नळींतच अडकलेलें असण्याचा संभव असतो. तसेंच दुसरें काडतूस घालून चाप ओढला तर नळी फुटते आणि पुढचा हात जातो. आवाज बारीक वाटतांच बंदूक रिकामी करावी, दोन्ही बाजूंनीं नळी आरपार मोकळी आहे हें पाहावें, आणि शंका राहिली तर त्या रात्रीं ती बंदूक पुन्हां हातीं धरूं नये. भात पुन्हां पिकेल. हात पुन्हां येणार नाहीं.

हिशेब व कायदा

बिघडलेलीं काडतुसें विहिरींत टाकणें, बांधावर पुरणें किंवा शेकोटींत घालणें हे तिन्ही प्रकार वाईट आहेत. तीं पोलीस ठाण्यांत किंवा परवानेधारक विक्रेत्याकडे विचारून रीतसर जमा करावीं व पावती घ्यावी. आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद आमच्या हातून पुष्कळ गेले. नळी साफ असलेले परवानेधारक पुष्कळ पाहिले. परंतु किती काडतुसें घेतलीं, किती उडालीं, किती शिल्लक आहेत, हें वहींत लिहून ठेवणारा क्वचितच पाहिला. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली आहे. सोय झाली, पण त्याबरोबर नूतनीकरणाच्या निमित्तानें पेटी उघडण्याचा योगही पांच वर्षांनीं येऊं लागला. म्हणून मालकानेंच दरसाल एक दिवस नेमून घ्यावा. निवडणुकीच्या काळांत बंदूक ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम झाल्यास, ती परत आणतांना नळी व घोडा तपासून, पुसूनच घरीं ठेवावीं.

रानडुक्कर झालें तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेंत येतें. वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून त्यावर बार टाकतां येत नाहीं. बंदुकीचा परवाना व वनखात्याची परवानगी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एकीनें दुसरीचें काम होत नाहीं. काळवीट व बिबट्या यांच्याविषयीं तर कायदा फारच कडक आहे.

समारोप

ओल, ऊन आणि गोठ्याची हवा हे काडतुसाचे तीन वैरी होत. पहिल्या दोघांस आपण ओळखतों. तिसरा मित्राच्या घरांतच दडलेला असतो, म्हणून त्याची ओळख करून देण्यासाठीं हा प्रपंच केला. ज्या जागेला आपण कोरडी म्हणतों ती पितळेच्या दृष्टीनें चांगली असेलच असें नाहीं.

तात्यांनीं वडिलांचीं सर्व काडतुसें ठाण्यांत जमा केलीं. तीं देतांना त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें, कारण वडिलांच्या हातची म्हणून तेवढीच वस्तु राहिली होती. आतां नव्या काडतुसांची एकच डबी पत्र्याच्या पेटींत, माजघरांतील फळीवर आहे, आणि घराचीं गळकीं कौलें त्यांनीं त्याच सालीं बदलून घेतलीं. परवां भेटले तेव्हां म्हणाले, “भाऊसाहेब, कौलें आधीं बदललीं असतीं तर पेटी गोठ्यावर गेलीच नसती.” ह्यांत सर्व आलें. मृगाला अद्याप अवकाश आहे. ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं ती कोठें आहे एवढें तरी आज संध्याकाळीं पाहावें.